घरून फ्रीलान्स काम: दिवस सुरू होतो, पण संपवायचा कसा?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं घरून भाषांतर आणि संपादनाची कामं करते. घरून काम करणाऱ्यांना मिळणारे जवळजवळ सगळे सल्ले दिवसाच्या सुरुवातीबद्दल असतात. लवकर उठा, आवरून बसा, टेबल वेगळं ठेवा, फोन लांब ठेवा. सगळं ठीक आहे, करावंच. पण फ्रीलान्सरची खरी अडचण काम सुरू करण्याची नाही, असं माझं ठाम मत आहे. डेडलाइन डोक्यावर असली की माणूस आपोआप बसतो. अडचण आहे ती उठण्याची.

ऑफिसात आपला दिवस दुसरं कोणीतरी संपवत असतं. शेजारचा बॅग आवरायला लागतो, एकेक दिवे बंद होतात, नेहमीची गाडी चुकेल म्हणून आपणही निघतो. घरी यातलं काहीच घडत नाही. नोकरदाराला निदान 'आजचे तास भरले' म्हणता येतं. आपल्याला तास भरायचे नसतात, काम संपवायचं असतं, आणि एक संपलं की दुसरं उभंच असतं. जेवणानंतर 'एकच मेल बघते' म्हणून बसावं आणि मध्यरात्र व्हावी, हे इथल्या अनेकांना ओळखीचं असेल.

हा प्रश्न नुसत्या थकव्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयाला रक्तपुरवठा कमी पडून होणाऱ्या आजाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त दिसला. नोकरीतले ५५ तास कुठल्या तरी हजेरीपटावर दिसतात. आपले कोण मोजतं?

मी काय करते ते सांगते. शेवटच्या अर्ध्या तासात नवीन काही हातात घ्यायचं नाही. चालू फाइल जिथे असेल तिथे थांबवायची आणि वहीत उद्याची पहिली हालचाल लिहायची. 'अहवाल पुढे चालू' असं मोघम लिहून उपयोग होत नाही. कालचीच नोंद देते: "प्रकरण ४, तक्ता २ च्या खालून सुरू. तळटीप ७ मधला आकडा तक्त्याशी जुळत नाही, मेलचा मसुदा तयार आहे, सकाळी पाठव. मग पहिले दोन परिच्छेद मोठ्याने वाच." एवढं लिहिलं की डोकं ते काम सोडून देतं. मासिकॅम्पो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये याच विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले होते. अपुरं काम मनात घुटमळत राहतं आणि दुसऱ्या कामात लुडबूड करतं. पण ते कधी, कसं करायचं याचा नेमका बेत ठरला की काम पूर्ण झालेलं नसतानाही ती लुडबूड थांबते.

नोंद झाली की लॅपटॉप बंद. झाकण नुसतं मिटायचं नाही, पूर्ण बंद करायचा. मग पायात चपला घालून बाहेर एक फेरी. परत आल्यावर त्या टेबलाशी बसायचं नाही, वाचायला बसायचं असलं तरी नाही.

तुम्ही तुमचा दिवस कसा संपवता? आणि संपत नसेल तर नेमका कशामुळे? सविस्तर लिहा.

पिक्सेल
चांगला धागा. उद्याच्या पहिल्या हालचालीची नोंद आजपासून सुरू करतो.

माझा दिवस फाइलमुळे लांबत नाही, मेसेजमुळे लांबतो. मी लोगो आणि पॅकेजिंगची डिझाइनं करतो. ग्राहकाला रात्री साडेदहाला निळा रंग खटकतो आणि तो तिथल्या तिथे टाइप करून पाठवतो. त्याचं काही चुकत नाही, त्याला तेव्हा सुचलं म्हणून तेव्हा लिहिलं. पण आपण तेव्हाच उत्तर दिलं की रात्री साडेदहा ही आपली कामाची वेळ आहे हे आपणच त्याला शिकवतो. पुढच्या वेळी उत्तर गेलं नाही तर तो काळजीत पडतो.

म्हणून कामाचा नंबर वेगळा घेतला आणि तो जुन्या फोनमध्ये टाकला. संध्याकाळी तो फोन टेबलाच्या खणात जातो. मेलच्या सहीखाली एक ओळ कायम असते: "सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत आलेल्या निरोपांना त्याच दिवशी उत्तर देतो." काम ठरवतानाच ही ओळ फोनवर बोलूनही दाखवतो. यावरून काम गेलं असं झालेलं नाही. लोकांना आपण चोवीस तास हजर असण्याची गरज नसते, उत्तर कधी येईल हे माहीत असण्याची असते.

एखादी गोष्ट रात्री सुचलीच तर मेल लिहून ठेवतो, पण सकाळी साडेनऊला जाईल असं शेड्यूल करतो.

निशाचर
थोडा वेगळा सूर लावतो. संध्याकाळी ६ ला दुकान बंद हे सगळ्यांना जमणारं नाही आणि जमायलाच हवं असंही नाही. मी प्रोग्रामर आहे. माझं डोकं रात्री ९ नंतर चालतं आणि ग्राहक वेगळ्या टाइमझोनमध्ये आहेत. नोकरी सोडली त्याचं एक मोठं कारण हेच होतं. आता पुन्हा स्वतःला ऑफिसच्या घड्याळाला कशाला बांधून घ्यायचं?

पण रात्री काम करणं आणि कधीही काम करणं यात फरक आहे, तो मी कसोशीने पाळतो. माझा दिवस रात्री १ ला संपतो, रोज. झोप १:३० ते ९. रविवारीही तीच. रात्रीचं काम बाधत नाही, आज १ ला आणि उद्या ४ ला झोपणं बाधतं. कॅफीन संध्याकाळी ७ नंतर बंद. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोपसुद्धा तासाभराहून जास्त कमी झाली होती, आणि गंमत म्हणजे ती कमी झाली हे त्यांचं त्यांना नीटसं जाणवलंही नव्हतं. उठल्यावर मात्र पहिलं काम म्हणजे बाहेरच्या उजेडात जाणं. ढगाळ आकाशाचा उजेडही घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो आणि शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं. रात्री काम करणाऱ्यांनी तर हे टाळूच नये.

अर्धविराम
निशाचर, पूर्ण मान्य. 'संध्याकाळ' हा माझा आग्रह नाहीच, 'शेवट' हा आहे. रात्री १ हा तुमचा शेवट, आणि तो ठरलेला आहे. बास.

मणका
मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे मान, खांदे आणि कंबर घेऊन येणाऱ्यांत घरून काम करणारे बरेच असतात, म्हणून जरा लांब लिहिते.

लॅपटॉपची अडचण त्याच्या रचनेतच आहे. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. हात सोयीत ठेवले तर मान वाकते, मान सरळ ठेवली तर खांदे वर चढतात. त्यामुळे रोज काही तास काम असेल तर कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्याच, आणि लॅपटॉप पुस्तकांच्या गठ्ठ्यावर इतका उंच ठेवा की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल. पडदा साधारण हातभर लांब. कोपरं अंगालगत, जवळपास काटकोनात. पाय जमिनीवर टेकत नसतील तर पायाखाली काहीतरी घ्या, लोंबकळते ठेवू नका.

हे सगळं केलं तरी सलग तीन तास बसलात तर दुखणारच. उत्तम खुर्चीही हालचालीची जागा घेऊ शकत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने उभं राहा, चार पावलं चाला. फोनवरची बोलणी चालत करा. फ्रीलान्सरच्या दिवसात अशी बोलणी बरीच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. घरून काम करताना येण्याजाण्याचं चालणंही बंद होतं, हे लक्षात घेऊन हिशेब करा.

डोळ्यांसाठी: पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघायचं, आणि तेव्हा मुद्दाम पापण्या मिटायच्या.

आणि एक गोष्ट कृपया अंगावर काढू नका. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. सुरुवातीलाच दाखवलं तर साध्या उपायांवर भागतं. 'हे प्रोजेक्ट झालं की दाखवू' असं म्हणत म्हणत लोक फार उशिरा येतात.

चिमणचारा
सगळे मुद्दे वाचले, उपयोगी आहेत. पण दार बंद करून सलग बसता येणाऱ्यांचं हे जग आहे. माझी मुलगी तीन वर्षांची आहे. माझा दिवस मुळातच तुकड्यांचा.

मी कामं तासांऐवजी लक्षावर विभागली. एक, जिथे डोकं पूर्ण लागतं: नवा लेख लिहिणं, मुलाखत ऐकून त्यातून मुद्दे काढणं. दोन, जिथे व्यत्यय आला तरी चालतो: बिलं, फोटोंची नावं बदलणं, मेल. पहिली कामं फक्त ती झोपलेली असताना किंवा नवरा तिच्यापाशी असताना. तेव्हा मेल उघडायचंच नाही, कारण तो वेळ परत मिळत नाही. उठावं लागलंच तर उठण्याआधी पुढचं वाक्य काय येणार ते चार शब्दांत लिहून ठेवते. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये यावर लिहिलंय: एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. मुलीला जेवू घालताना मी अर्धी लेखात असले तर लेखही धड होत नाही आणि तिलाही मी मिळत नाही. ते चार शब्द लिहिले की मी खरंच तिच्याजवळ असते.

सगळ्यात जड गेलं ते 'घरीच तर असतेस' हे वाक्य. पार्सल घ्यायचं, दुरुस्तीवाला आला तर थांबायचं, कोणाला औषध आणून द्यायचं, सगळं माझ्याकडे. कारण बाहेर जाणाऱ्याचं काम दिसतं, माझं दिसत नाही. यावर चिडून काही झालं नाही. मग रविवारी रात्री आठवड्याचा कागद लावायला लागले: कुठल्या वेळी घराची आणि मुलीची जबाबदारी कोणाची. माझ्या कामाच्या वेळासमोर दुसऱ्याचं नाव. 'मला जरा मदत कर' म्हटलं की जबाबदारी माझीच राहते आणि समोरचा उपकार करतो. नाव लिहिलं की ती त्याची होते. त्या वेळात दारावरची घंटा वाजली तर मी उठत नाही.

पिक्सेल
शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. हा कागद आमच्याकडेही लागणार, आणि त्यावर माझं नाव जास्त वेळा असायला हवं.

हिशेबनीस
धागा छान चाललाय, पण मुळाला कोणी हात घातला नाही. दिवस का संपत नाही? कारण बहुतेकांनी दर असा ठरवलेला असतो की दिवस संपवणं परवडतच नाही. मी फ्रीलान्सरांची खाती सांभाळतो आणि हे पुन्हा पुन्हा बघतो.

आकडे मांडू. समजा तुम्ही ठरवलंत, आठवड्याला ४० तास काम, त्यातून घर चालायला हवं. लागणारी रक्कम भागिले ४०, हा तासाचा दर. पण त्या ४० तासांत मेल, दरपत्रकं, बिलं, वसुलीचे फोन, न मिळालेल्या कामासाठी केलेले नमुने, नवीन सॉफ्टवेअर शिकणं हेही येतं. बिलात लावता येतील असे तास समजा २५ उरले. आता तेवढेच पैसे उभे करायला ४० बिलयोग्य तास हवेत, म्हणजे एकूण ६४ तास काम. वर अर्धविरामताईंनी ५५ ची रेषा सांगितलीच आहे. तुम्ही दर ठरवला त्याच दिवशी ती ओलांडलीत. मग कितीही वह्या लिहा आणि फेऱ्या मारा, दिवस संपणार नाही. तेव्हा दर २५ ने भागून काढा, आणि वर्षाचे आठवडे ५२ धरू नका. आजारपण, सुट्टी, कामाशिवाय जाणारे आठवडे वजा करा.

दुसरं, अंदाज. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं होतं की माणसं आपल्या कामाला लागणारा वेळ सातत्याने कमी धरतात. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल विचारलं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. उपाय एकच: पोटातून येणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, मागच्या तशाच कामाला किती वेळ लागला ती नोंद काढा. नोंद नसेल तर आजपासून ठेवा, साध्या स्प्रेडशीटमध्ये.

तिसरं, उत्पन्नाची उलघाल. पैसे सगळे एका खात्यात येऊ द्या आणि तिथून दर महिन्याच्या १ तारखेला ठरलेली रक्कम 'पगार' म्हणून घरखात्यात टाका. चांगल्या महिन्यातलं उरलेलं तिथेच राहू द्या. तीन ते सहा महिन्यांचा खर्च साठला की रात्री अकराला आलेल्या कामाला 'हो' म्हणायची घाई कमी होते. झोपेच्या तक्रारी घेऊन आलेल्या कितीतरी जणांचं औषध मी या खात्यात बघितलंय.

नवखा
नोकरी सोडून नुकतंच सुरू केलंय, सबटायटल्स आणि छोटे व्हिडिओ. वरचं सगळं पटतं, पण सुरुवातीला नाही कसं म्हणायचं? एक नाही म्हटलं की तो माणूस परत येणार नाही अशी धाकधूक असते. आणि पोमोडोरो कोणी वापरतं का?

पिक्सेल
नाही म्हणू नका, तारीख सांगा. "हे काम आवडेल. मी १८ तारखेपासून हातात घेऊ शकतो, २२ ला पहिला कट देतो." ज्याला तुमचंच काम हवंय तो बहुधा थांबतो. ज्याला उद्याच हवंय त्याच्यासाठी तातडीचा दर वेगळा ठेवा आणि तो आधीच सांगा.

निशाचर
पोमोडोरोबद्दल: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, फ्रान्सेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी काढलेली पद्धत. बिलं, मेल, टाळत आलेली कामं यांना उत्तम. बग शोधताना मात्र २५ मिनिटांत मी जेमतेम आत शिरलेलो असतो, तेव्हा घंटा वाजलेली सोसत नाही. तिथे मी ९० मिनिटं सलग घेतो.

मणका
९० मिनिटं घ्या, पण मधे एकदा उभे राहा. उभं राहूनही विचार करता येतो.

पडद्यामागे
एक विषय राहिलाय, एकटेपणा. निक ब्लूम आणि सहकाऱ्यांनी एका प्रवास कंपनीत मोठा प्रयोग केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. तरीही प्रयोग संपल्यावर त्यातल्या अनेकांनी ऑफिसात परतणं पसंत केलं, आणि एकटं वाटणं हे त्याचं मोठं कारण होतं. ते तर नोकरदार होते, त्यांना सहकारी तरी होते. माझ्यासारखी व्हिडिओ एडिटर दिवसभर हेडफोन लावून दुसऱ्यांचे चेहरे बघत असते आणि संध्याकाळी लक्षात येतं की आपण स्वतः कोणाशी बोललोच नाही.

आम्ही तिघी रोज सकाळी व्हिडिओ कॉल लावतो. 'आज काय करणार' एवढं प्रत्येकीने सांगायचं, मग माइक बंद, कॅमेरा चालू, आपापलं काम. दुपारी पुन्हा माइक चालू, झालं का ते सांगायचं. ग्राहकांच्या तक्रारी, दरांची चर्चा हे सगळं या कॉलवर होतं, त्यामुळे घरच्यांवर ते ओतलं जात नाही. शिवाय आठवड्यातून एकदा कामाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांत जाते, माझ्या बाबतीत गाण्याच्या क्लासला.

नवखा, तुम्ही सुरुवातीलाच असे दोघं-तिघं शोधा. आणि सगळ्यांनाच सांगते, दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उतरलेलं असेल, आवडीच्या कामातही रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर 'कामाचा ताण आहे' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांशी बोला. आपल्या गैरहजेरीची चौकशी करणारं ऑफिस नसतं, म्हणून हे घरात एकाला तरी आधीच सांगून ठेवा.

चिमणचारा
हे शेवटचं फार महत्त्वाचं. धन्यवाद.

नवखा
सगळ्यांचे मनापासून आभार. तारीख सांगण्याची युक्ती आजच वापरली, समोरचा थांबायला तयार झाला. शेवटची शंका: ठरलेल्या कामात 'जरा हे पण बदला' असं पाचव्यांदा आलं तर काय लिहायचं? पहिल्या वेळी काही ठरवलं नव्हतं, आणि संबंध बिघडवायचे नाहीत.

हिशेबनीस
चालू काम आहे तसं पुरं करा, पण आत्ताच हा मेल पाठवा आणि पुढच्या वेळी यातला मजकूर दरपत्रकातच घाला:

"तुमच्या सूचना मिळाल्या. आत्तापर्यंत चार वेळा बदल करून दिले आहेत. या पाचव्या फेरीतले बदल सोबतच्या यादीत आहेत, ते मी गुरुवारपर्यंत देतो आणि या कामाच्या ठरलेल्या रकमेतच धरतो. यापुढच्या प्रत्येक फेरीसाठी वेगळं शुल्क राहील, ते काम सुरू करण्याआधी कळवेन. यादीत काही सुटलं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा."

यादी खरंच जोडा, एकेका बदलाला क्रमांक देऊन. समोरच्यालाही आपण किती मागितलं ते तेव्हाच दिसतं.